फोनाची राखण

डावा कळा पडला आणि देवळात कुणी खोकलंसुद्धा नाही.

लवू गुरव हात जोडून तसाच उभा राहिला. त्याच्या मागे भिकाजीआबा आणि बाकीचे मानकरी, त्यांच्या मागे गावातले सगळे बापये, आणि खांबांच्या अलीकडे आम्ही बायका. मोबाईल कंपनीचा माणूस पायरीखालीच थांबला होता. बुटांच्या नाड्या सोडायचा त्याला कंटाळा. त्याने तिथूनच मान आत घातली.

"काय झालं? हो म्हणाली का देवी?"

"नाय म्हणाली," भिकाजीआबा मागे न बघताच म्हणाले.

आमच्या धामणखोलात ही रीत आहे. जाकादेवीच्या दोन्ही खांद्यांना फुलांचे ओले कळे चिकटवायचे, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. विहीर कुठे खणायची, शिमग्याची पालखी कुठल्या घरी आधी न्यायची, सगळं आम्ही तिला विचारतो. पण मोबाईलची कंपनी कुठली घ्यायची हे देवीला विचारणारं गाव आमचंच असेल. हसा खुशाल. मीही हसले असते, पण त्या दिवशी माझा जीव त्या दोन कळ्यांना चिकटलेला होता.

विचारण्याला कारण होतं. टॉवरला जागा हवी होती ती देवळामागच्या टेपाची, म्हणजे उंचवट्याची, आणि ती जमीन देवीच्या नावावर. तिची जमीन तिला न विचारता कशी द्यायची? आणि कंपनीची अट अशी, की टॉवर हवा तर गावातल्या झाडून सगळ्या घरांनी त्यांचीच सिमकार्डं घ्यायची. नंबर तोच राहील, कंपनी बदलायची. म्हणजे एकदा हो म्हटलं की अख्खं गाव त्यांचं.

तेव्हा गावात सगळ्यांकडे दुसऱ्याच कंपनीचे नंबर होते. त्यांनी पहिल्यांदा सिम विकताना प्रत्येक घराला एक छत्री दिली होती, म्हणून आम्ही त्यांना छत्रीवाले म्हणायचो. हे नवे लोक कापडी पिशव्या वाटत आले, ते पिशवीवाले. इंग्रजी नावं सांगून उपयोग नव्हता, आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात ती बसत नव्हती. छत्रीवाल्यांची रेंज यायची फक्त गावाच्या डोक्यावर, सड्यावर. सडा म्हणजे वरचं कातळाचं मोकळं पठार. चढून जायला चांगली दमछाक होते. गाव खाली खळग्यात, त्यामुळे घरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ. पिशवीवाल्यांची रेंज तर सड्यावरही नव्हती आणि खालीही नव्हती. त्यांचा सगळा कारभार टॉवर उभा राहील त्या दिवसापासून.

आणि आम्हाला टॉवर हवा होता तो माझ्या भावासाठी.

मनोहर माझा धाकटा. मी नवऱ्यामागे माहेरी आले आणि त्याची बायको पहिल्याच पावसाळ्यात तिच्या माहेरी गेली ती गेली, तेव्हा घरात आम्ही दोघंच. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा एस.टी.ने तालुक्याला जायचं, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि पिळून टाकलेल्या कपड्यासारखं परत यायचं. घाटावरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याचं नाव लागलं होतं. कुणी माणूस गेला आणि त्याच्या घरच्यांनी किडनी दिली, तर ती ज्यांना मिळते त्यांच्या रांगेत. त्या रांगेची गंमत अशी की फोन कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आला की उचलायचा आणि उठून निघायचं. उचलला नाही तर ती माणसं पुढच्याला लावतात. थांबतील कशी? ती काय लोणच्याची बरणी आहे फळीवर ठेवायला?

"तुझी का नाय दिलीस?" असं मला पुष्कळांनी ऐकवलंय. द्यायलाच गेले होते. मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुमची तुम्हाला पुरली तरी पुष्कळ." तालुक्याला खोली घेऊन राहायचं म्हटलं तर मनोहर दोन महिन्यांत तिथून पळून आला. चार भिंतींत मरायचं तर आपल्या भिंती काय वाईट आहेत, म्हणाला.

तेव्हा भिकाजीआबांनीच तोड काढली होती. भाताला रानडुकरं लागू नयेत म्हणून आमच्याकडे राखण असते. प्रत्येक घराने पाळीपाळीने माणूस द्यायचा, त्याने खोपीत बसून डबा बडवायचा. गावकीत आबा म्हणाले, "भाताची राखण करतो, मग फोनाची करायला काय हरकत हाय? मनोहरचा फोन सड्यावर ऱ्हावंदे. ज्याची पाळी त्यानं खोपीत बसायचं. वाजला की उचलायचा आणि डबा बडवायचा."

आणि खरंच, गावाने ते केलं. दिवसा बायाबापड्या जायच्या, रात्री नमनमंडळातले गडी. मनोहर त्या मंडळाचा मृदंगी होता. त्याच्या हाताशिवाय गावचं नमन, म्हणजे शिमग्यातला सोंगांचा खेळ, उभं राहत नव्हतं, सगळ्यांचा त्याच्यावर जीव. संध्याकाळी पाळी बदलली की उतरलेलं माणूस आधी आमच्या ओटीवर यायचं. "आज नाय आला रे मनोहर," म्हणायचं आणि टेकायचं. मग सड्यावर भेकर दिसलं, काजू मोहरले, कुणाच्या सुनेचं कुणाशी वाजलं, असं सगळं यायचं. मी चहा करून करून कावायचे. चहापावडरीचा डबा म्हणजे काय अक्षयपात्र आहे काय, असं मी तोंडावर बोलायचे आणि तरी ती माणसं यायची.

पण पावसाळा आला की सड्यावर विजा पडतात. मागच्या वर्षी एक रेडा जागीच गेला होता. म्हणून सगळ्यांना वाटत होतं, टॉवर झाला तर फोन मनोहरच्या उशाशी राहील आणि माणसाचा जीव धोक्यात जाणार नाही. एवढं साधं होतं. त्यात कुणाचं काही वाकडं नव्हतं.

तर डावा कळा पडला.

"आई नाय म्हणाली, विषय संपला," भिकाजीआबा म्हणाले. "राखण हाय तशी चालू ठेवू."

"आबा, पण गाऱ्हाण्यात मनोहरचं नाव कुठं घातलं?" लवू गुरव वळून म्हणाला. "मी नुसतं टॉवर, टॉवर म्हटलं. तिला काय टॉवर कळतोय? कशासाठी ते सांगाया नको?"

"व्हय, व्हय!" द्रौपदीवैनी माझ्या शेजारून ओरडल्या. द्रौपदीवैनी आमच्या शेजारच्या, बोलायला फटकळ, मायेला त्याहून जास्त. "लवूदा, परत लावा! पोराच्या जिवाचा सवाल हाय, असं नीट सांगा तिला!"

लवूने पुन्हा कळे लावले. "हे आई जाकादेवी म्हाराजा, तुझं लेकरू मनोहर गोताड दुखण्यान् गांजलंय. त्याचा फोन घरात वाजावा म्हणून गाव तुझी जागा मागतंय..."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

कितीतरी वेळ काहीच पडलं नाही. मग परत डावाच पडला.

आता माझ्या डोळ्यांना धार लागली. त्या दगडाला शिव्या घालाव्यात असं वाटलं आणि वाटल्याबरोबर मी गालात मारून घेतलं. कंपनीचा माणूस पायरीखालून म्हणाला, "तुमचं ठरत नसेल तर मी पुढच्या गावाला विचारतो, हां." त्यावर गडबड उडाली. कुणी म्हणालं पाच नारळ कबूल करा, कुणी म्हणालं जागेचं भाडं देवीलाच द्या, दिवाबत्ती होईल. सगळं बोलून झालं आणि लवूने तिसऱ्यांदा कळे लावले. 

उजवा पडला.

असा आवाज झाला म्हणता! बापये टाळ्या पिटायला लागले, द्रौपदीवैनींनी मला मिठी मारली. लवू गुरव जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. एकटे भिकाजीआबा टोपी सारखी करत म्हणाले, "आई दोनदा नाय म्हणाली होती."

"आबा, तुमचं तोंड म्हणजे अगदी..." वैनींनी पुढचं गिळलं. मानकऱ्याला बोलायचं तरी किती!

मी धावत घरी आले. मनोहर ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे आता सड्यावर कोण जाणार नाय?"

"कशाला जाईल मेलं कोण? फोन तुझ्या उशाशी."

"बरं झालं," तो म्हणाला. "लोकांना फुकटचा ताप होता."

टॉवर उभा राहीपर्यंत पावसाळा सरत आला. गणपतीला चाकरमानी मुंबईहून आले तोवर सगळ्या गावाची सिमकार्डं बदलून झाली होती. मनोहरची बदलली, माझीही बदलली. हॉस्पिटलात दुसरा नंबर म्हणून माझाच दिलेला होता. टॉवर चालू झाला त्या दिवशी धामणखोलात घराघरात फोन वाजले. म्हाताऱ्या माणसांनी चुलीसमोर बसून मुंबईच्या नातवंडांशी गप्पा मारल्या. द्रौपदीवैनी तर न्हाणीत फोन घेऊन गेल्या, तिथे येतो का बघायला. तिथेही आला. खोपीतला डबा कुणीतरी खाली आणून कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतला.

मनोहर दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसायचा. थोडा वेळ झाला की हाक मारायचा, "आक्का, जरा मला लाव बघू." मी हातातलं काम टाकून माझ्या फोनवरून त्याला लावायचे. दोन हातांवर तो वाजायचा. "वाजला," तो म्हणायचा. "वाजतोय म्हणून तर लावला," मी म्हणायचे. पुन्हा दुपारी तेच, पुन्हा दिवे लागायला तेच. मी चिडायचे. एकदा तर मी म्हटलं, "अरे, हॉस्पिटलवाले लावतील आणि माझ्यामुळे त्यांना एंगेज लागेल." तेव्हापासून त्याने सांगायचं बंद केलं.

आणि ओटीवर कुणी येईनासं झालं. त्यात कुणाची चूक नाही. आधी ती माणसं फोन द्यायला यायची, आता द्यायचं काय? समोरून जाताना हाक मारायची, "आला काय रे?" तो मान हलवायचा, ती पुढे जायची. आमची चहापावडर महिनाभर पुरायला लागली. मी एकदा म्हटलं, "बघ, वाचली." 

ऑक्टोबरात भात कापायला आलं आणि परतीच्या पावसाने गाठलं. सकाळीच असा वारा सुटला की विजेचे खांब वाकले, लाईट गेली. टॉवरची बॅटरी होती, ती थोडा वेळ चालली. मग डिझेलचं इंजिन चालू व्हायला हवं होतं, पण त्यात डिझेल भरायला येणारा माणूस तालुक्याचा, तो आलाच नव्हता. दुपारच्या आधी गावातले सगळे फोन मुके झाले.

असं याआधीही झालं होतं. तासाभरात रेंज यायची परत. म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही, सगळे कापलेलं भात झाकायच्या घाईत होते. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणता म्हणता वेळ गेला. तेव्हा द्रौपदीवैनी डोक्यावर इरलं घेऊन आमच्या दारात आल्या.

"दे तो मनोहरचा फोन. सड्यावर जाते."

"वैनी, तुमचं भात?"

"भात गेलं खड्ड्यात. दे म्हटलं ना?"

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, पोटाशी प्लास्टिकच्या पिशवीत धरला आणि चढायला लागल्यासुद्धा. मी आत आले. मनोहर पडून होता. तो हळूच म्हणाला, "आक्का, सड्यावर रेंज छत्रीवाल्यांची होती."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. फोन आता पिशवीवाल्यांचा. त्यांचा टॉवर आमच्याच गावातला, तोच मेलेला. सड्यावर काय, आभाळात नेला तरी तो वाजणार नव्हता. आणि गावात जुनं सिम कुणाकडेच उरलं नव्हतं. गावाला रेंज माहीत होती ती एकाच जागी, सड्यावर, म्हणून वैनी तिथे गेल्या.

"अरे देवा! थांब, हाक मारते त्यांना."

"नको."

"नको काय? पावसात बसतील, विजा पडतायत!"

"विजा थांबल्या. बसू दे गो, आक्का. तिथं कोणतरी बसलंय म्हटलं की मला झोप लागते," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. खरंच झोपला. कितीतरी दिवसांनी तो दुपारचा असा गाढ झोपला होता. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला रडू आवरेना. उद्या तालुक्याला जायचंच आहे, तिथे रेंज आहे, एक दिवसाने काय होतंय, अशी मी माझी समजूत घातली.

वैनी दिवे लागायला उतरल्या, चिंब. "नाय आला," म्हणाल्या आणि कपडे बदलायला घरी पळाल्या. लाईटही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही निघालो. तालुक्याच्या अलीकडे बाजाराचं गाव लागतं, तिथे गाडी आली आणि मनोहरच्या खिशात टिंग वाजलं. मग परत टिंग. मग माझ्या पिशवीत. दोघांचे फोन वाजत राहिले, थांबेचनात. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघायला लागली.

फोन आला त्या वेळी बंद होता, असे ते निरोप होते. सगळे कालचे, दुपारचे. सगळे एकाच नंबरवरून. त्याच्या फोनवर, मग माझ्या, मग परत त्याच्या.

मनोहरने तो नंबर लावला. गाडीचा खडखडाट, म्हणून त्याने आवाज मोठा केला होता. मला सगळं ऐकू येत होतं.

"मनोहर गोताड का?" एक बाई बोलत होती. आवाज गोड होता बिचारीचा. "दादा, अहो काल किती वेळा लावला तुम्हाला! यादीत तुम्हीच पहिले होतात. ताईंनाही लावला."

"टॉवर बंद होता, मॅडम."

"मग आम्हाला पुढच्या पेशंटला बोलवावं लागलं. थांबता येत नाही हो."

"झालं त्याचं ऑपरेशन?"

"झालं, काल संध्याकाळी."

"बरा हाय तो?"

"हो, बरे आहेत."

"कुठल्या गावचा?"

"ते नाही सांगता येत, दादा."

"ऱ्हावंद्या. माझं नाव हाय ना अजून?"

"आहे, आहे. फक्त फोन चालू ठेवा."

"ठेवतो," तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

कंडक्टर ओळखीचा. तिकिटं फाडता फाडता थांबला. "काय मनोहर, काय वाईट बातमी?"

"नाय. एकाचं ऑपरेशन चांगलं झालं."

मी तोंडात पदर कोंबून बसले होते. मला त्या बसमधून उडी मारायची होती, त्या डिझेलवाल्याचा गळा धरायचा होता, त्या पिशव्या वाटणाऱ्याला त्याच्या पिशवीत घालून नदीत सोडायचं होतं. मनोहरने माझा हात धरून ठेवला. तालुक्याला तो नेहमीसारखा मशीनवर जाऊन झोपला आणि मी नेहमीसारखी बाहेरच्या बाकड्यावर बसले. दुसरं करण्यासारखं काय होतं?

परत येताना धामणखोलच्या फाट्यावर उतरलो. मनोहर चार पावलं चालला आणि रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर टेकला.

"आक्का, गावात हे बोलायचं नाय."

"का म्हणून? मी तर देवळासमोर उभी ऱ्हाऊन बोंबलणार हाय! दोनदा नाय म्हणाली होती ती. दोनदा! आणि तो लवू..."

"लवूदानं माझ्यासाठीच तिसऱ्यांदा लावले ना? सगळ्यांनी माझ्यासाठीच केलं. हे कळलं तर तो परत देवीच्या अंगाला हात लावणार नाय. आणि वैनी? त्या काल दुपारभर तिथं..." त्याला धाप लागली. थांबून म्हणाला, "मी काय आज हाय, उद्या नाय. मागं तुला ऱ्हायचंय ह्या माणसांत. तुझ्यासमोर आली की त्यांना खाली बघाया लागलं, तर कोण येईल तुझ्या दारात?"

"नको येऊ देत! मला कोण नको!"

"तुला नको, पण मला हवी हायत ती. तुझ्यासाठी. शपथ घे."

मी घेतली नाही. पण तो उठेना. त्या कठड्यावर बसूनच राहिला, अंधारून यायला लागलं तरी. तेव्हा मी म्हटलं, "बरं, घेतली. चल आता."

घरी पोचलो तर द्रौपदीवैनी ओटीवरच बसलेल्या. आवाज बसलेला, नाक लाल.

"काय म्हणतंय मशीन?" त्यांनी विचारलं आणि मग न राहवून म्हणाल्या, "रे मनोहर, काल मी नीट बसले होते हां. डोळा नाय मिटला. पण फोनावर वरती एक फुली दिसत होती. फुली म्हणजे काय रे? माझ्याकडून काय चुकीचं दाबलं तर नाय गेलं?"

मी चुलीकडे तोंड केलं.

"फुली पावसाची असते, वैनी," मनोहर म्हणाला. "फोन आला असता तर वाजला असता. आलाच नाय."

"मग बरं," वैनी म्हणाल्या. "मला काळजी लागली होती."

मनोहर माघात गेला. छातीत पाणी झालं, तालुक्याला नेईपर्यंतही थांबला नाही. बाराव्याला सगळं गाव आलं. लवू गुरव सगळ्यांसमोर रडून म्हणाला, "टॉवर आला, सगळं झालं, पण एकदाही फोन आला नाय बघा बिचाऱ्याला. देवीच्या मनात नव्हतं." सगळे "व्हय, व्हय" म्हणाले. भिकाजीआबांनी फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं. मी वाढायला उठले.

आज त्यातलं कुणी उरलेलं नाही, म्हणून हे सांगते आहे. लवू गेला, वैनी गेल्या, आबा तर कधीच गेले. शपथ ज्यांच्यासाठी होती तेच नाहीत.

पण एवढं सांगून संपत नाही. मनोहरचा फोन मी बंद केला नव्हता. का ते विचारू नका, रोज रात्री चार्जिंगला लावायची सवय लागली होती. त्याच वर्षी, पाऊस संपता संपता, एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. ओटीवर द्रौपदीवैनी आणि लवू गुरव चहा पीत बसले होते. ती दोघं पुन्हा यायला लागली होती, माझी सोबत म्हणून. आणि आत फळीवर मनोहरचा फोन वाजला. चांगला खणखणीत.

मी उचलला. दुसरीच कुणी बाई होती, घाईत.

"मनोहर गोताड आहेत का? एक किडनी आलीये, त्यांना लगेच निघता येईल का?"

 मी जात्यावर बसले.

"नाहीत ते."

"कधी येतील? ताई, वेळ खूप कमी आहे."

"वारले ते. माघात."

ती म्हणाली, "माफ करा हं. आमच्याकडे कळवलेलं नव्हतं."

"नाय कळवलं. राहिलं." मी आवाज खाली आणला. "बाई, पुढच्याला लावा. आणि त्यानं नाय उचलला तर सोडू नका हां लगेच. परत परत लावा."

"हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पदराने तोंड पुसलं आणि तांदळाचं सूप घेऊन बाहेर आले.

"कुणाचा फोन गो, आक्का?" लवू गुरवाने विचारलं.

"कंपनीचा," मी म्हटलं. "नवी स्कीम आलीय म्हणे."

"ह्या मेल्यांना दुसरा धंदा नाय," द्रौपदीवैनी म्हणाल्या आणि माझ्या सुपातले खडे निवडायला लागल्या.